मावळतीला भिंत नसलेलं घर

सर लाकूड चाटायचे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे कधीतरी ते सांगावं लागणारच, आणि तेव्हा तुम्हाला वाटेल की मी पदरचं घालतेय. कुणी लाकडाचा नमुना घेऊन आलं की सर चष्मा कपाळावर सरकवायचे, तुकडा उजेडात फिरवून बघायचे, नखानं खरवडायचे आणि मग हळूच जिभेचं टोक लावायचे. "साग. पण पोरवयातला आहे," असं म्हणून तुकडा परत द्यायचे. एकदा एक विक्रेता प्लायवूड घेऊन आला. सरांनी तेही चाटलं आणि संध्याकाळपर्यंत वेलदोडे चघळत बसले.

सर आर्किटेक्ट होते. सोलापुरात एका बोळात, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. मी तिथं लागले तेव्हा चौतीस वर्षांची होते. त्याआधीची अकरा वर्षं एका कंत्राटदाराकडे नकाशे काढण्यात गेली होती, आणि त्या अकरा वर्षांत मी मुख्यतः संडास आणि बाथरूम काढली होती. त्यामुळे कुणी माझ्याकडून आख्खं घर काढून घेणार असेल तर त्यानं खुशाल लाकूड चाटावं, अशा मनःस्थितीत मी होते.

सर तेव्हा बासष्टचे. पहिल्या दिवसापासून मला "ताई" म्हणायला लागले. मी म्हटलं, "सर, मी तुमच्याहून अठ्ठावीस वर्षांनी लहान आहे."

"असू दे. ताई म्हटलं की मला माणसावर ओरडता येत नाही. तुमच्याच फायद्याचं आहे."

फायदा झाला हे कबूल केलं पाहिजे. ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत. मी मात्र त्यांच्यावर पुष्कळदा ओरडले.

ओरडायचं कारण म्हणजे त्यांचं टेबल. त्या टेबलाला चाकं होती. दिवसा दिवा लावणं सरांना मंजूर नव्हतं, म्हणून ते उजेडामागे फिरायचे. सकाळी टेबल पूर्वेच्या खिडकीशी, अकराच्या सुमाराला मधोमध, आणि तीननंतर थेट बाहेरच्या पॅसेजमध्ये, औषधांच्या खोक्यांना लागून. माझा कॉम्प्युटर बिचारा वायरीनं बांधलेला, तो कुठे जाणार? मग मी आतून ओरडून विचारायची, "सर, जिन्याची रुंदी किती?" आणि बाहेरून उत्तर यायच्या आधी खालच्या दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आलेला कुणीतरी सांगायचा, "साडेतीन फूट घ्या की."

"आधी जागेला विचारा," हे सरांचं सगळ्यावरचं उत्तर. जागेला विचारल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही. ऐकायला फार छान वाटतं. पण एकदा एका गृहस्थाला परसात बाथरूम बांधायचं होतं, साधं सहा बाय पाच. सरांनी त्यांना सांगितलं की बादली-तांब्या घ्या आणि आठवडाभर रोज परसाच्या वेगळ्या कोपऱ्यात आंघोळ करा, जिथं मन रमेल तिथं बांधू. गृहस्थ भाबडे होते. त्यांनी खरंच चार दिवस चार कोपऱ्यांत आंघोळ केली. पाचव्या दिवशी शेजारच्या तीन बायका एकत्र येऊन त्यांच्या बायकोला भेटल्या, आणि सहाव्या दिवशी ते दुसऱ्या इंजिनीअरकडे गेले.

असं चालत असल्यामुळे सरांच्या नावावर उभ्या सोलापुरात एकही धड घर नव्हतं. अर्धवट पुष्कळ होती. सरांनी सुरू करायचं, मालकाचा धीर सुटायचा, आणि मग दुसरा कुणीतरी येऊन त्याला स्टीलचं रेलिंग, निळी काच आणि वर सिमेंटचा कमळासारखा तुरा बसवून ते पुरं करायचा. सरांना ती घरं बघवत नसत. घरापासून ऑफिसपर्यंत त्यांना स्कूटरवर दहा मिनिटं पुरली असती, पण त्या वाटेवर त्यांची अशी पाच घरं होती. ती पाचही टाळून यायला त्यांना चाळीस मिनिटं लागायची. पावसाळ्यात एका बोळात पाणी साचलं की त्यांचा नाइलाज व्हायचा. मग त्या घरासमोरून ते मान खाली घालून स्कूटर हाकायचे, आणि एकदा तशाच अवस्थेत भाजीच्या गाडीवर गेले.

हे ऐकून मी हसले होते, पण घरी गेल्यावर मला वाईट वाटलं. चाळीस वर्षं एखादं काम करायचं आणि बोट दाखवून "हे माझं" म्हणायला एक भिंतसुद्धा नसायची, हे काही बरं नव्हे.

आणि मग अक्का आल्या.

अक्कांचा टॉवेलचा कारखाना होता. घरात तेलुगू बोलायच्या, बाहेर खणखणीत सोलापुरी मराठी. यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, आणि जे उरले होते त्यांत सतत खटखट वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला औषध नाही, सवय करून घ्या. कारखाना त्यांनी मुलाकडे सोपवला होता. अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून अर्ध्या तासावर त्यांची तीन एकर माळरान जमीन होती. तिथं त्यांना लाकडाचं घर हवं होतं. लाकडाचंच का, तर वडिलांचे बारा हातमाग गोदामात सुटे करून पडले होते, अस्सल जुन्या सागाचे, आणि मुलगा ते जळणाला काढायला निघाला होता.

"सर, मला डिझाइनबिझाइन काय कळत नाही ओ," अक्का ओरडल्या. त्या नेहमीच ओरडायच्या. "दिवसभर काम असलं की कानाचं काय वाटत नाही. पण जरा पडलं की खटखट, खटखट सुरू. सात वर्षं झाली, दुपारची झोप म्हणून नाही बघा. मला एक दुपार झोप लागली पाहिजे त्या घरात. लागली तर तुमचं घर पास. नाही लागली तर मी मग माझ्या मनानं करून घेणार काय करायचं ते."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला भीती वाटली की आता हे अक्कांना चाटतात की काय. पण ते फक्त म्हणाले, "बाई, इतकं स्पष्ट मागणं मला आजवर कुणी केलं नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक नवारीची खाट विकत घेतली.

त्यांचं म्हणणं असं: बाईंना झोप हवी, तर घर कुठे असावं हे खाटच सांगेल. मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही जवळजवळ रोज त्या माळावर होतो. सोलापूरचा उन्हाळा काय असतो हे मी सांगायला नको. सर बनियन आणि लेंग्यात खाटेवर पडायचे. ऊन अंगावर आलं की उठायचे, खाट उचलायची, जिथं जरा बरं वाटेल तिथं टाकायची. खाट जिथं पंधरा मिनिटं टिकेल तिथं मी तिच्या चारही पायांशी पांढरी फक्की टाकायची आणि वहीत वेळ लिहायची. दोनपर्यंत दोन बाभळींची विरळ सावली पुरायची. तीननंतर खाट हटकून पश्चिमेच्या बांधाकडे सरकायची आणि तिथं सरांना असा काही डोळा लागायचा की घोरणं ऐकून टिटव्या उडायच्या.

बांधापलीकडे मल्लप्पांचं शेत होतं. पाऊणशे वय, डोक्याला मळका पटका, बोलायला अर्धं मराठी अर्धं कानडी. चार दिवस त्यांनी बांधावरून हा प्रकार बघितला आणि पाचव्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, या मालकांस्नी काय दुकतंय?"

"काही नाही हो. घर बांधायचंय."

मल्लप्पांनी झोपलेल्या सरांकडे बघितलं, फक्कीच्या खुणांकडे बघितलं. "व्हय का," म्हणाले, आणि तेव्हापासून ताक रोज यायला लागलं. आजारी माणसाला घालतात तसं, बिनमिठाचं.

जूनमध्ये सरांनी फक्कीच्या सगळ्या खुणा जोडल्या आणि त्या आकृतीवर घर बेतलं. खरं सांगते, असा नकाशा मी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. माळाच्या उतारावर लांबट, मध्ये कोपरात वळलेलं घर, दगडी खुंटांवर जमिनीपासून दोन हात उचललेलं, म्हणजे पावसाचं पाणी खालून आपल्या वाटेनं जाईल. एकही झाड तोडायचं नाही, एक टोपली माती हलवायची नाही. लाकडाला लाकूड खुंटीनं जोडायचं, खिळा मारायचा नाही, उद्या नको झालं तर घर सुटं करून उचलता आलं पाहिजे. आणि पश्चिमेच्या टोकाला अक्कांची झोपायची ओसरी, तिन्ही बाजूंनी लाकूड आणि मावळतीला काहीच नाही. पार मोकळी.

आमच्याकडे मावळतीला मोकळं कुणी सोडत नाही. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सुतारकामाला रशीदभाई मिस्त्री होते, तरुणपणी हातमाग दुरुस्त करत हिंडलेले, त्या बारा मागांतलं प्रत्येक लाकूड नावानं ओळखणारे. नकाशा बघून त्यांनी दाढी खाजवली.

"सर, मावळतीला खुलं नका सोडू. चटके बसतील चटके. मी बोलून ठेवतोय."

"मिस्त्री, मी तीन महिने तिथं झोपलोय. तिथं ऊन येत नाही."

"ऊन येत नाही? सूर्याशी बोलणं झालंय का तुमचं?"

"खाट खोटं बोलत नाही," सर म्हणाले, आणि विषय संपला.

ऊन का येत नव्हतं ते मला ठाऊक होतं. बांधाच्या पलीकडे, मल्लप्पांच्या हद्दीत, कडब्याची गंजी होती. ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या एकावर एक रचून केलेली, चांगली दुमजली घराएवढी उंच आणि वीस पावलं लांब. दुपारनंतरची सगळी सावली तिची. नकाशात मी तिथं एक चौकोन काढून आत तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि सरांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, "पश्चिमेचा आडोसा". सर सोलापूरच्या पेठेत वाढलेले. सूर्य कुठल्या महिन्यात किती अंशांवर असतो हे त्यांना तोंडपाठ, पण गुरं काय खातात याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण मी? मी मोडनिंबची. शेतकऱ्याच्या घरात वाढले. गंजी कशासाठी घालतात हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? तरी मी तो चौकोन काढला, रेघा मारल्या, प्रिंट काढली. पहिल्यांदाच आख्खं घर काढायला मिळालं होतं, त्या नादात माझी अक्कल गहाण पडली होती.

बांधकाम पावसाळ्यात सुरू झालं आणि माघापर्यंत चाललं. त्या काळात सरांचं आणि रशीदभाईंचं खिळ्यावरून रोज वाजायचं. सर साइटवर चुंबक घेऊन हिंडायचे आणि जोडांना लावून बघायचे. कुठे चिकटलं की रशीदभाई आभाळाकडे बघायचे. एकूण तीन खिळे सापडले. तिसऱ्या वेळी रशीदभाई म्हणाले, "तो माझा नव्हे, मागातलाच जुना आहे," आणि सरांनी तो चाटून बघितला. जुनाच निघाला.

अक्का आठवड्याला एक चक्कर मारायच्या. एकदा त्या घराच्या त्या टोकाला होत्या आणि आम्ही दोघं या टोकाला, मध्ये चांगलं चाळीस पावलांचं अंतर. सर माझ्याशी पुटपुटले, "बाईंना दाराला गुलाबी रंग पाहिजे म्हणे. रंगातलं काही कळत नाही त्यांना."

तिकडून अक्कांचा आवाज आला, "गुलाबी नको तर नको की! कळत नाही कशाला म्हणताय?"

आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. मागाहून समजलं की यंत्रमागावर काम करणारी माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरून वाचतात, कारण तिथं कानाचा काही उपयोगच नसतो. त्या दिवसापासून सर साइटवर तोंडाला रुमाल लावून बोलायला लागले. मल्लप्पांनी पुन्हा ताक सुरू केलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला घर पुरं झालं. फार सुंदर झालं होतं. जुन्या सागाला तेल दिल्यावर तो मधासारखा दिसत होता, मागाची जुनी भोकं आणि खाचा जिथल्या तिथं ठेवल्या होत्या, आणि त्या भोकांतून भिंतीवर उजेडाचे ठिपके पडायचे. मला रडू आलं. सरांना दिसू नये म्हणून मी घराखाली वाकून खुंट तपासायला लागले.

दुपारी तीन वाजता सर खाट घेऊन ओसरीवर गेले. शेवटची चाचणी. मी वही घेऊन शेजारी. सर आडवे झाले, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत उठून बसले. कपाळावरून घाम गळत होता. ओसरी पार आतल्या भिंतीपर्यंत उन्हानं भरली होती.

त्यांनी हाताचा आडोसा करून पश्चिमेकडे बघितलं. मोकळं शेत, त्यापलीकडे मोकळं शेत.

"ताई, आपला आडोसा कुठे गेला?"

मला तोंड वर करवेना. "सर, म्हशींनी खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

सरांनी बनियनच्या टोकानं घाम पुसला. मग म्हणाले, "किती म्हशी आहेत?"

"तीन."

"तीन म्हशींनी एवढं?" त्यांच्या आवाजात मला चक्क कौतुक ऐकू आलं, आणि मग ते आवाज न करता खाटेवर कलंडले, तोंड भिंतीकडे करून. पावसाळ्यात ऊन नव्हतं, थंडीत ते हवंहवंसं होतं, आणि आम्ही छपरात नि खिळ्यांत गुंतलेलो. गंजी रोज थोडी थोडी जात होती आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

त्याच दुपारी, दुसरा कुठला मुहूर्त न मिळाल्यासारख्या, अक्का आल्या. ओसरीवर गेल्या, चप्पल काढली, दोन मिनिटं उन्हात उभ्या राहिल्या.

"काय ओ सर. हितं तर पापड वाळतील."

सर खाटेची नवार चाचपत बसले. एरवी त्यांना मावळत्या उन्हाच्या कोनावर तासभर बोलता आलं असतं.

"पाडव्याला मी ऱ्हायला येणार," अक्का म्हणाल्या. "तवर या बाजूला पत्रा मारून घ्या. खालपासनं वरपर्यंत."

"पत्रा वाजेल बाई. वाऱ्यानं वाजेल. तापेल."

"उन्हात भाजण्यापेक्षा वाजलेला बरा. तसंपण कानात वाजतंयच की."

परतताना सर गाडीत माझ्याशेजारी बसले होते. शहर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, अक्कलकोटला जायला दुसरा रस्ता आहे का?"

"नळदुर्गावरून जाता येईल. खूप लांब पडेल. का?"

"विचारून ठेवलं. स्वामींच्या दर्शनाला कधी जावंसं वाटलं तर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पत्रा बसला की हाही रस्ता त्यांना बंद होणार होता. सहावं घर. आणि या वेळी चौकोन मी काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना न विचारता मल्लप्पांकडे गेले. त्यांच्याकडे ज्वारी काढून झाली होती, कणसं खुडून कडबा रानात पडला होता.

"मल्लप्पा, औंदा गंजी बांधावर घालणार ना?"

"न्हाय बा. गोठ्याकडं घालायची."

"का हो? दर वर्षी तिथंच घालत होतात ना?"

"घालत व्हतो. तुमच्या रानातनं वाट व्हती. ट्रॅक्टर सरळ तितं जायचा. आता तुमी घर बांदलं, कुंपन घातलं. ट्रॅक्टर काय उडवत नेऊ?"

म्हणजे घर आलं म्हणून गंजी गेली. ज्या आडोशाच्या भरवशावर आम्ही घर बेतलं, तो आडोसा घरानंच घालवला. मी ऑफिसात येऊन हे सांगितलं तेव्हा सरांचं टेबल पॅसेजमध्ये होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि ते ताडकन उठले. "अहो, मग सोपं आहे! कुंपण आपलंच आहे की."

तिथून पुढचे दिवस सरांच्या अंगात वारं शिरलं होतं. कुंपण काढलं. अंगणातून, थेट ओसरीला वळसा घालून, ट्रॅक्टरची वाट आखली. त्यासाठी सर स्वतः ट्रॅक्टरवर बसून तीनदा आत-बाहेर करून आले, जागेला विचारायला. मल्लप्पांची अट होती की वर्षभर पेंढ्या न्यायला त्यांची सून या वाटेनं रोज येणार, आणि कधी म्हैस मागे आली तर कुणी आरडाओरडा करायचा नाही. सरांनी सगळं कबूल केलं. मी म्हटलं, "सर, अक्कांना शांतता हवी आहे. ट्रॅक्टर, म्हैस, सून, हे सगळं त्यांना कोण सांगणार?"

"आधी आडोसा होऊ दे. मग सांगू."

"म्हणजे मी सांगू."

"तुम्ही फार छान सांगता, ताई."

पाडव्याच्या आदल्या दिवशी गंजी रचायला सुरुवात झाली. मल्लप्पांचे दोन मुलगे आणि भावकीतले चौघं. गंजी रचणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. खालचे पेंढ्या वर फेकतात, वरचा झेलून बुडखा बाहेर शेंडा आत असा थर लावतो, आणि फेकणारे मोठ्यानं कानडीत मोजत असतात, वंदू, येरडू, मूरू. ट्रॅक्टर धडधडत उभा, धूळ, कुत्र्यांचं भुंकणं. दुपारी वर झेलणाऱ्याचा पाय मुरगळला. तोवर सर शिडीनं वर चढले होते, उंची बघायला, आणि चढले ते चढलेच. खालून पेंढी आली, त्यांनी ती झेलली. दुसरी आली, तीही झेलली. मल्लप्पा खालून ओरडले, "शेंडा आत, सर! शेंडा आत!" त्रेसष्टाव्या वर्षी सर कडबा रचायला शिकत होते आणि वरून मला ऐकवत होते, "ताई, लिहून घ्या, हा उतार पाण्यासाठी असतो!"

साडेचारला अक्कांची गाडी आली. एक दिवस आधी, दोन सुटकेस आणि गॅसची शेगडी घेऊन.

त्या गाडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. अंगणात ट्रॅक्टर, कुंपण गायब, दाराशी म्हैस, बांधावर सहा माणसं ओरडतायत आणि कडब्याच्या डोंगरावर त्यांचा आर्किटेक्ट.

"हे काय?"

मी म्हटलं, "भिंत, अक्का." दुसरं काही सुचलंच नाही. मग सगळं सांगितलं. चौकोनाचं, म्हशींचं, वाटेचं, सुनेचं. माझी चूक होती हेही सांगितलं, ओठ नीट हलवून, म्हणजे त्यातलं काही सुटायला नको.

अक्कांनी ऐकून घेतलं. रागावल्या होत्या, ते दिसतच होतं. "शांत जागा मागितली मी, शांत!" एवढं म्हणून त्या ओसरीवर गेल्या आणि खाटेवर धाडकन आडव्या झाल्या. "बघा आता. लागती का झोप? बघा तुमीच!"

ओसरीवर सावली होती. पण गंजीचा वरचा एक थर व्हायचा होता, आणि तेवढ्या फटीतून उन्हाची एक पट्टी नेमकी अक्कांच्या तोंडावर येत होती. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग हात काढून, मान उचलून, सगळा माळ दणाणेल असं ओरडल्या, "सर! डावीकडं सरका जरा!"

सर वर उभे होते, हातात पेंढी. ते डावीकडे सरकले.

"अजून!"

अजून सरकले. त्यांची सावली अंगणावरून लांबत ओसरीवर आली आणि अक्कांच्या तोंडावर पडली. अक्कांनी मान टेकली. सर पेंढी छातीशी धरून तसेच उभे राहिले, पुढची पेंढी त्यांच्या पायाशी येऊन पडली, त्यांनी उचलली नाही.

मी ओसरीच्या पायरीवर बसले होते. थोड्या वेळानं मागून एक आवाज आला. मी वळून बघितलं तर अक्कांचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्या घोरत होत्या.

एवढ्या गलक्यात कशी लागली झोप? मला वाटतं, बाहेरच्या धडधडीनं कानातली खटखट झाकली गेली असेल. तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं की मी दोन्ही हात वर करून सरांना खूण केली, लागली, लागली. सरांनी मान हलवली नाही. सावली हलेल म्हणून.

कडबा संपला. मल्लप्पांच्या मुलानं ट्रॅक्टर बंद केला, माणसं मोजायची थांबली, आणि अक्कांच्या पापण्या हलल्या. वरून सरांनी, अंग जराही न हलवता, एका हाताच्या बोटानं गोल गोल खूण केली. चालू ठेवा. मुलानं ट्रॅक्टर पुन्हा सुरू केला. माणसं मल्लप्पांकडे बघायला लागली.

"मोजा की रे," मल्लप्पा म्हणाले.

"कडबा कुटं हाय?"

"कडबा कशाला पायजे? मोजा."

सहा जण रिकाम्या हातांनी उभे राहून मोजायला लागले. वंदू, येरडू, मूरू. पाचच्या सुमाराला ऊन गंजीच्या मागे उतरलं. आता गंजीचीच सावली पुरत होती, सरांची काही गरज नव्हती, आणि सूर्याचं गणित त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. तरी ते तिथून हलले नाहीत. अक्का दिवस मावळल्यावर उठल्या, आणि तोवर मल्लप्पांच्या माणसांनी नसलेल्या चारशे पेंढ्या मोजल्या होत्या.